साडेबारा हजार किलोमीटरचा केर

आमच्या घरात एक कायदा आहे. घरातलं माणूस गावाला निघालं की ते सुखरूप पोचेपर्यंत केर काढायचा नाही. कायदा माझ्या सासूबाईंचा, अंमलबजावणीही त्यांचीच. त्यांना मी आई म्हणते आणि सासऱ्यांना बाबा. मला धुळीची ॲलर्जी आहे, नाकात कण गेला की सात-आठ शिंका ठरलेल्या. त्यामुळे लग्न होऊन मी बदलापूरला, कात्रपच्या या घरात आले तेव्हा पहिली ठिणगी केरावरूनच पडली. नवरा कामासाठी नाशिकला निघाला होता. त्याची पाठ वळली आणि मी झाडू उचलला. आईंनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. म्हणाल्या, "अगं, माणूस वाटेत आहे. त्याच्या पाठोपाठ घर झाडतात का?" नेमका त्या दिवशी कसारा घाटात टँकर उलटला, आणि सकाळच्या पोह्यांची कोथिंबीर आमच्या हॉलमध्ये दुपारी तीनपर्यंत पडून राहिली.

बाबा या कायद्याचे कट्टर विरोधक. ते अंबरनाथला, आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात होते. कुठला ट्रक कधी सुटला आणि कुठे कधी पोचेल, याचा हिशेब करण्यात त्यांची हयात गेली. "माल सुटला म्हणजे पोचला नव्हे," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ड्रायव्हरसाठी होतं, स्वतःसाठी नव्हतं. रोज सकाळी स्कूटरला किक मारताना ते ओरडून सांगायचे, "काढ गं केर! अंबरनाथला चाललोय, अंटार्क्टिकाला नाही!" आई झाडूला हातही लावायच्या नाहीत. तेव्हा मोबाइल नव्हते, त्यामुळे माणूस पोचलं की नाही हे कळायला त्यांनी स्वयंपाकघरातलंच मोजमाप ठरवलं होतं. कुकर लावून त्याची वाफ जिरली की अंबरनाथ आलं. कुकर आणि वर पोळ्या झाल्या की उल्हासनगर. पुण्याला गेलेल्या माणसाला अख्खा स्वयंपाक आणि ओटा धुणं लागायचं. हे मोजमाप चुकल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही, कारण तपासायला कोणी परत यायचंच नाही.

माझी नणंद टोरांटोला असते. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल होत नव्हतं, आणि होत नाही हे कुणी बोलतही नव्हतं. मग एकदा दिवस राहिले. डॉक्टरांनी सांभाळून राहायला सांगितलं. सातव्या महिन्यात तिने फोनवर आईंना सांगितलं, "आई, तू आलीस तर मला भीती नाही वाटणार." झालं. आई जाणार हे त्याच क्षणी ठरलं. पण बाबांना हृदयाच्या डॉक्टरांनी नुकतीच स्प्रिंग बसवलेली, त्यांना इतका लांबचा विमानप्रवास बंद. मला रजा नाही, नवऱ्याला व्हिसा नाही. म्हणजे आईंनी एकटीने जायचं. जन्मात कधी विमानात न बसलेल्या, एकट्याने कल्याणच्या पुढे न गेलेल्या बाईने दुबईला विमान बदलून टोरांटोला पोचायचं, आणि तेही बाळंतपणाच्या आत.

बाबांनी ही मोहीम हातात घेतली. निवृत्त माणसाला असं काही मिळालं की तो तरुण होतो. त्यांनी मोबाइलवर अंतर शोधून काढलं. एका वेबसाइटवर लिहिलं होतं, मुंबई ते टोरांटो सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंधरा तासांच्या आसपास. बाबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि मग फोनवरच खेकसले, "सरळ रेषेत? सरळ रेषेत बदलापूरहून बेलापूरला तरी जाता येतं का?"

"बाबा, विमानाला रस्ता लागत नाही," मी म्हटलं.

"विमानाला नाही लागत. पण विमानापर्यंत जायला लागतो ना? आणि हे अंतर मोजलंय मुंबई विमानतळापासून. तुझी सासू मुंबई विमानतळावर राहते का?"

मुद्दा बिनतोड होता. जगातल्या कुठल्याही वेबसाइटला शिळफाटा माहीत नाही. कात्रपमधून निघून शिळफाट्याची गर्दी पार करून विमानतळावर पोचायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात विमान म्हणे दुबईत उतरतं. बाबांनी सगळं मांडून काढलं. घरातून निघणं, फाट्यावर अडकणं, विमानतळावर बसून राहणं, दुबई, दुबईतलं बसून राहणं, मग टोरांटो. पंधरा तासांचा वाढून भरभक्कम एक अख्खा दिवस झाला.

आई डिंक तळत होत्या. त्यांनी झारा थांबवून विचारलं, "म्हणजे किती कुकर?"

बाबा या प्रश्नावर हसले, पण मनातल्या मनात त्यांनी तो मोजला असावा, कारण थोड्या वेळाने ते म्हणाले, "गावजेवणाइतके."

मग बॅग. आमच्याकडे मोठी बॅग म्हणून जी होती तिचं एक चाक नणंदेच्या लग्नात गेलं होतं. आम्ही तिघं उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, गोड माणूस, ग्राहक दिसला की आधी पाणी विचारणारा. त्याने एक निळी बॅग टेबलावर आपटून दाखवली. "काका, ये बॅग लेके तुमी कॅनडा जाव, लंडन जाव, चाक नाय तुटणार. माझी गॅरंटी."

बाबांनी त्याला अंतर ऐकवलं. ते त्या दिवसांत भाजीवाल्यालाही अंतर ऐकवत होते.

दुकानदारावर काही परिणाम झाला नाही. "माझी बहीण हाँगकाँगला, भाऊ आफ्रिकेत, मावशी तर कुठेतरी पनामाला आहे. आमच्यात किलोमीटर कोणी विचारत नाय, काका. उधर अपना कौन है, बस इतना पूछते हैं." मग आईंकडे वळून म्हणाला, "तिकडे कोण आहे, आंटी?"

"लेक आहे," आई म्हणाल्या. "पोटुशी आहे."

"मग जवळच आहे," तो म्हणाला, आणि बॅगेचा भाव एका पैशानेही कमी केला नाही.

खरं घोडं अडलं ते व्हीलचेअरवर. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी हल्ली सगळेच व्हीलचेअर सांगून ठेवतात. पाय धड असले तरी सांगतात. ढकलणारा माणूस एका विमानातून दुसऱ्या विमानात बरोबर नेऊन सोडतो, इंग्रजी बोलावं लागत नाही, चुकायची भीती नाही. नणंदेने तिकिटातच ती मागितली होती. आईंना हे कळलं आणि त्या भडकल्या.

"मी काय पांगळी आहे? लिफ्ट बंद असते तेव्हा दळणाचा डबा घेऊन चार मजले चढते मी!"

"आई, ती चालता येत नाही म्हणून नाही, वाट माहीत नाही म्हणून," मी समजावलं.

"वाट माहीत नसली की माणूस विचारतो. खुर्चीत बसून कोणी वाट विचारतं का? मी बसणार नाही."

बाबांनी समजावलं, नवऱ्याने समजावलं, नणंदेने तिकडून रडून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी विषय सोडला, पण त्या दिवसापासून बाबांच्या डोक्यात एकच चित्र बसलं: दुबईच्या विमानतळावर खुर्ची एकीकडे, आई दुसरीकडे, आणि विमान तिसरीकडेच.

निघण्याच्या दिवशी पाच वाजेपर्यंत बांधाबांध चालली होती. सकाळी केर काढला होता, पण त्यानंतर हॉलमध्ये काय काय सांडलं ते विचारू नका. सुतळीचे तुकडे, चिकटपट्टीची गोळी, डिंकाच्या लाडवांचा चुरा. त्यात शेवटच्या क्षणी अळिवाची पिशवी फाटली आणि बाळंतिणीच्या खिरीचं ते बारीक लालसर बी सोफ्यापासून दारापर्यंत पसरलं. आई ते गोळा करायला वाकल्या, पण गाडी खाली येऊन हॉर्न देत होती.

दही द्यायचं राहिलं होतं. आमच्या घरात निघणाऱ्याच्या हातावर दही आईच घालतात. आता आईच निघालेल्या, तर कोणाला सुचेना. शेवटी बाबांनी फ्रिज उघडला. दह्याचा छोटा चमचा कुठे असतो हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी भाताचा डाव घेतला. अर्धं दही हातावर, अर्धं आईंच्या नव्या स्वेटरच्या बाहीवर. आईंनी बाही चाटली, हात चाटला, देवाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "येते."

दारातून त्या परत वळल्या. मला वाटलं, काहीतरी मोलाचं सांगणार. म्हणाल्या, "माझ्यासाठी केराचं थांबू नकोस हं. एवढा लांबचा प्रवास, तोवर घर असं ठेवलं तर मुंग्या होतील. अर्ध्या तासाने काढून टाक."

"कायद्याचं काय?" मी विचारलं.

"तो तुमच्यासाठी. माझं काय एवढं," असं म्हणून त्या जिना उतरल्या.

नवरा त्यांना सोडायला गेला. अर्ध्या तासाने पाहते तो दिवे लागले होते, आणि दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही हा आईंचा दुसरा कायदा, लक्ष्मी बाहेर जाते म्हणून. तेव्हा म्हटलं, सकाळी काढू. रात्री नवरा परत आला. म्हणाला, आई आत गेली, फाटकापाशी खुर्ची आणि माणूस दोन्ही हजर होते, पण आई खुर्चीत बसलेली काही त्याने पाहिली नाही. दुबईला उतरल्यावर आईंनी घरी फोन करायचा असं ठरलं होतं.

आता बाबांच्या गणिताबद्दल सांगायला हवं. नणंदेने आधीच कळवलं होतं, विमान टोरांटोला साडेसहाला पोचेल. तिने ही वेळ इकडच्या घड्याळाप्रमाणे सांगितली होती, संध्याकाळचे साडेसहा, वडिलांना त्रास नको म्हणून. वडील हुशार. टोरांटोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं हे त्यांना पाठ होतं, म्हणून त्यांनी त्यातून साडेदहा तास वजा केले. सकाळचे आठ आले. इतक्या लवकर कसं पोचेल, असं मी विचारलंही होतं. त्यावर त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं, "पश्चिमेला जाताना सूर्याच्या बरोबर जातो आपण. वेळ वाचतो. साडेदहा तास फुकट मिळतात." सोसायटीत त्यांनी ही बातमी दोन-तीन जणांना दिली. एकाने तर विचारलं, येताना ते तास परत द्यावे लागतात का. बाबा म्हणाले, "अर्थात."

तर सकाळी आठ वाजले. बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून फोनसमोर बसले होते. साडेआठ झाले. मी म्हटलं, पोचल्या असतील, सामान घेत असतील, आणि झाडू घेतला. माझं नाक आदल्या संध्याकाळपासून चुरचुरत होतं.

"थांब," बाबा म्हणाले. "फोन येऊ दे."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. "केराचं म्हणताय? तुम्ही तर हे मानत नाही."

"मी नाही मानत. ती मानते."

"पण त्याच म्हणाल्या, काढ म्हणून."

"थांब म्हटलं ना," बाबा म्हणाले, आणि फोनकडे बघत राहिले.

नऊ वाजता त्यांनी नणंदेला फोन लावला. तिकडे रात्र होती, ती झोपायला चालली होती. बाबांचं गणित ऐकून ती आधी हसली, मग गणित उलगडून सांगितलं. आई आत्ता कुठे दुसऱ्या विमानात असणार, इकडच्या संध्याकाळी पोचणार. बाबांचे साडेदहा तास एका क्षणात परत गेले. त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना. पण मग नणंदेने विचारलं, "दुबईहून फोन आला ना आईचा?"

आला नव्हता. मेसेजही नाही. आम्ही रात्री पाठवलेल्या मेसेजपुढे एकच टिक होती, सकाळीही एकच. मला हसू यायचं थांबलं. नणंद म्हणाली, विसरली असेल, पण तिचा आवाज बदलला होता. बाबांनी तिला झोपायला सांगितलं. म्हणाले, "तू काळजी करू नकोस, या दिवसांत बरी नव्हे. काळजी करायला मी आहे इथे."

मी फोनवर ते विमान शोधून काढलं. हल्ली नकाशावर विमानं चालताना दिसतात. आईंचं विमान दुबईहून वेळेवर सुटलं होतं आणि छानपैकी वर सरकत होतं. मी तो पडदा बाबांपुढे धरला. "हे बघा. उडालंय. नीट चाललंय."

बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "विमान दिसतंय. ती आत आहे हे कशावरून?"

मी लगेच नवऱ्याला कळवलं. नवऱ्याने ऑफिसातून विमान कंपनीला फोन केला. प्रवाशाची माहिती देता येत नाही, असं सांगून त्यांनी त्याला बराच वेळ संगीत ऐकवलं. आता माझाही जीव टांगणीला लागला. आई दुबईतच राहिल्या असतील तर? खुर्ची नाकारून भलत्याच दाराशी जाऊन बसल्या असतील तर? घाबरल्यावर त्यांचा जीव पाणी पाणी करतो, आणि पाणी मागायला तिथे कोण होतं. मला त्यांची इतकी आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं.

दहाच्या सुमारास केर-फरशीला येणाऱ्या मावशी आल्या. त्या सोनिवलीच्या पलीकडच्या एका वाडीवरून येतात. बाबांनी त्यांना दारातच अडवलं. मी मावशींना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि नियमात बसेल असा तोडगा काढला.

"आमच्या वाडीत बी हाय हे. पन माणूस नदीपार गेला का मंग काढतात. तुमची आज्जी तं समुद्रापार गेली. आजून किती थांबाचं?"

"समुद्र एकच ओलांडलाय," बाबा म्हणाले. "दुसरा बाकी आहे."

"मंग भांडी तरी घासू का? का त्येला बी समुद्र लागतो?"

भांड्यांना परवानगी मिळाली. मावशी भांडी घासून अळीव चुकवत, लंगडी घातल्यासारख्या उड्या मारत निघून गेल्या.

दुपारपर्यंत मुंग्या आल्या. आईंनी सांगितलं होतं ते अगदी खरं झालं. लाडवांच्या चुऱ्यावरून त्यांनी रांग धरली, ती सोफ्याखालून थेट स्वयंपाकघरात. मी खुर्चीवर पाय घेऊन लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होते. मीटिंगमध्ये इतक्या शिंकले की साहेबांनी मला डॉक्टरकडे जायला सांगितलं. अळिवावर कोणीतरी पाणी सांडलं होतं आणि ते फुगून बाबांच्या चपलेला चिकटलं होतं. बाबा चालले की चिकटून सुटल्याचा आवाज यायचा.

"मुंग्या तरी मारू का?" मी विचारलं.

"कशाला? त्या उचलून नेतायत तेवढं नेऊ दे. आपण कुठे काढतोय?"

हा माणूस आयुष्यभर ज्या कायद्याची टिंगल करत होता, त्याच्यात आता पळवाटाही शोधून देत होता. मी चिडले. मी पटकन चिडते, त्यात नाक बंद, पोटात काळजी, आणि बाबांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. मी ताट वाढून पुढे ठेवलं आणि झाडू घेऊन समोर उभी राहिले.

"बाबा, हे काय चाललंय? केर काढला नाही म्हणून आई पोचणार आहेत का? आणि त्यांनी स्वतः सांगितलंय, माझ्यासाठी थांबू नका म्हणून!"

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ती तसंच सांगणार. तिला सवय आहे. मी जन्मभर घराबाहेर पडत राहिलो आणि ती थांबत राहिली. मी हसायचो. आता ती बाहेर आहे. तिच्यासाठी थांबायला दुसरं आहे कोण?"

त्यांचा आवाज चढलाही नव्हता. मी झाडू दाराआड नेऊन ठेवला, आणि ठेवता ठेवता शिंकले. मग शेजारी बसून ताटातला वरणभात त्यांच्यासाठी कालवून दिला. चार घास त्यांनी खाल्ले.

दुपारभर आम्ही दोघं फोनवरचं ते विमान बघत होतो. ते इतकं हळू सरकत होतं की बाबा म्हणाले, शिळफाट्यावरून चाललंय वाटतं. साडेसहाच्या सुमाराला ते टोरांटोवर आलं आणि थांबलं. फोन आला नाही. सात वाजले, मी देवापुढे दिवा लावला. नणंदेला विमानतळावर नेणारा तिचा नवरा फोन उचलत नव्हता. साडेसात झाले. नवरा घरी आला, त्याने दारातच "आला?" विचारलं आणि बूट न काढता तिथेच उभा राहिला. बाबांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, परत लावलं, परत काढलं.

मग फोन वाजला. व्हिडिओ. आधी नणंदेचं पोट दिसलं, मग छत, मग मफलर, आणि मफलरमधून आईंचा चेहरा. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी तर रडलेच, आणि शिंकलेही.

"पोचले गं बाई," आई म्हणाल्या. "काय थंडी आहे!"

"दुबईहून फोन का नाही केलास?" बाबांनी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"तुम्हीच फोन बंद करून दिलात ना? विमानात बंद ठेवायचा म्हणालात. चालू कुठे करायचा ते सांगितलं नाहीत."

"आणि खुर्ची? बसलीस का?"

"मी कशाला बसते? लाडवांचा डबा बसवला. मी आपली शेजारून चालत. तो ढकलणारा बिचारा सारखा म्हणत होता, प्लीज सिट, प्लीज सिट. मी म्हटलं, तूच सिट, किती दमलायस. मग त्याला एक लाडू दिला. त्याने अगदी विमानाच्या दारापर्यंत पोचवलं हो मला." मग त्यांनी घसा खाकरला. "केर काढलात ना वेळेवर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काढला की. कालच. अर्ध्या तासात."

"बरं केलंत," आई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे बारीक केले. "अहो, मागे ते काय लाल लाल दिसतंय?"

फोन नवऱ्याच्या हातात होता आणि त्याने तो मुद्दाम थोडा खाली केला. अळीव, सुतळीचे तुकडे, चिकटपट्टीची गोळी, मुंग्यांची रांग, सगळं जसंच्या तसं टोरांटोला दिसलं. नणंद काहीतरी विचारत होती, आई फरशीकडेच बघत होत्या. त्यांनी मफलरचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"काढा आता," शेवटी त्या म्हणाल्या. "पोचले मी."

"आता कसा काढणार?" बाबा म्हणाले. "दिवे लागलेत. तुझाच कायदा आहे."

"तुमच्याकडे लागलेत. मी आहे तिथे सकाळ आहे, चांगलं ऊन पडलंय. माझा केर आहे ना? मग माझ्या वेळेने काढा."

बाबा उठले. दाराआडचा झाडू मी घ्यायला गेले, त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, अगदी आई काढून घेतात तसाच. त्यांनी आयुष्यात कधी केर काढला नसावा, कारण त्यांनी दारापासून सुरुवात केली आणि सगळं आत ढकलायला लागले.

"आतून बाहेर, अहो! लक्ष्मी नाही ती, अळीव आहे!" आई टोरांटोहून सांगत होत्या. "वाका जरा. सोफ्याखालचं राहिलं."

बाबा सोफ्याशी गुडघ्यावर बसले, वाकले, आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"काय झालं?" आईंनी विचारलं.

"दिसत नाही नीट," बाबा सोफ्याखालूनच म्हणाले.

"चष्मा पुसा आधी," आई म्हणाल्या.